पन्नास किलोमीटरच्या बाहेरचं दार

आमच्या स्वयंपाकघराचं दार घासायला लागलं आणि त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ थिलो घर सोडून गेला. दोन्हींचा काही संबंध नाही, असं मी म्हणतो. आई दाराकडे बघते.

थिलो सुतार आहे. हे ओकचं दार त्यानेच शिकत असताना केलेलं. परीक्षा पास झाला आणि जर्मन सुतारांच्या जुन्या रीतीप्रमाणे भटकंतीला निघाला. काळी कॉर्डुरॉयची पॅन्ट, काळी हॅट, वाकडी काठी, एक गाठोडं. तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरायचं. मोबाइल नाही. आणि घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. निघताना त्याने वेशीवरच्या, गावाच्या नावाच्या पिवळ्या पाटीवर चढून पलीकडे उडी मारली. मागे वळून बघायला बंदी असते, म्हणून आईने त्याच्या पाठीकडे बघून हात हलवला. तो वळणाआड गेल्यावरही दहा मिनिटं हलवत होती.

"तीन वर्षं मी समजू शकते," घरी येताना ती म्हणाली. "पण तो वरचा एक दिवस कशाला?"

या गोष्टीला एक वर्ष आठ महिने झाले. दार आता दीड वीत उघडतं आणि मग फरशीत दात रुतवून बसतं. आम्ही आडवे होऊन आत जातो. केकचा मोठा ट्रे बाहेर निघत नाही, म्हणून पाहुण्यांनाच एकेक करून आत घ्यावं लागतं. ईस्टरला काका आत आले, चार तुकडे खाल्ले आणि मग त्यांना बाहेर पडता येईना.

सुतार शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी नगरपालिकेत आहे, झाडांना नंबराच्या पट्ट्या ठोकतो. "तुझा लाकडाशी संबंध आहे," आई म्हणाली.

पहिला सुतार फोनच उचलेना. मी अकरा वेळा निरोप ठेवला. बाराव्या वेळी त्याला माझा दिवस कसा गेला तेही सांगितलं. दुसरा आला, अर्धं मिनिट बघत राहिला, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, "काढून टाका हे. बाजारात तयार मिळतं. पांढरं. ओल्या फडक्याने पुसता येतं." आईने त्याला बाहेरची वाट दाखवली. वाटेत दार होतं, त्यामुळे जरा वेळ लागला.

तिसऱ्या वुबेनाबाई. आल्या त्या बूट काढून आत आल्या. दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत डोळे मिटून तळवा फिरवला.

"कुणी केलंय हे?"

"माझ्या मुलाने," आई म्हणाली.

"हात चांगला आहे."

आईने त्यांना केकचा दुसरा तुकडा वाढला. "उद्या येते," वुबेनाबाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत होऊन जाईल." मला वाटलं, चला, स्थळ पसंत पडलं. संध्याकाळी आईने फोन करून त्यांना नको म्हणून सांगितलं.

"का गं?"

"फार चांगली आहे ती."

"मग बरंच आहे की!"

"काय बरं आहे? करून टाकेल ना ती!"

आम्ही सुतार शोधत नव्हतो, हे मला तेव्हा कळलं.

नियमात एक फट आहे. घरचं कुणी मरणाच्या दारात असेल तर भटक्याला घरी येता येतं. आईने माझ्याकडे बघितलं. सुतार फळी निवडताना बघतो तसं.

"हेन्नो, तुझा तो खोकला..."

"गेला, आई."

"अरेरे."

थिलो महिन्यातून एकदा कुणाच्या तरी फोनवरून फोन करतो. या वेळी गुरांच्या डॉक्टरकडून केला होता, मागे एक गाय मत मांडत होती. पुढचा आठवडाभर लिंडेनरोडे गावात काम आहे, म्हणाला. आईने माझा शाळेतला कंपास काढला, नकाशावर आमच्या स्वयंपाकघरात टोक रोवलं आणि पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढलं. लिंडेनरोडे नखभर बाहेर. बावन्न किलोमीटर.

"त्याला आत यायला बंदी आहे," आई म्हणाली. "पण दाराला बाहेर जायला कुणी बंदी केलीय?"

तिने गुरांच्या डॉक्टरकडून थिलोला निरोप धाडला, आणि शनिवारी आम्ही दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि गाडीच्या टपावर बांधलं. दार गेल्यावर स्वयंपाकघरात सरळ चालत जाता येऊ लागलं. मी हे बोललो नाही. आई मांडीवर केकचा ट्रे घेऊन बसली. दीड वर्षात पहिल्यांदा तो ट्रे अख्खा बाहेर पडला होता.

वाटेत सिग्नलला एक सायकलवाला शेजारी थांबला. त्याने हात उंचावून टपावरच्या दारावर टकटक केली.

"कोण आहे?" आई पटकन म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. सिग्नल हिरवा झाला तरी ती खिडकीतून वर बघत होती.

लिंडेनरोडेच्या बस थांब्याजवळ, कुरणाच्या कडेला थिलो उभा होता. हॅट, कानात बाळी, कोपरावर ठिगळ.

"बारीक झालास," आई म्हणाली.

"सहा किलो वाढलोय, आई."

"दिसतंच आहे."

मग बराच वेळ ती त्याच्या कोटाचं बटण धरून उभी राहिली. बटण पक्कं होतं. तिने तरीही धरून ठेवलं.

आम्ही दार गवतावर उभं केलं. थिलोने डोळे मिटून कडेवरून तळवा फिरवला. मला वुबेनाबाई आठवल्या.

"दार ठीक आहे," तो म्हणाला. "चौकट खचलीय. चौकट कुठाय?"

"भिंतीत," मी म्हणालो.

"मग इथे कसं करू? दार चौकटीत बसवूनच तासावं लागतं. घरी जाऊन."

कुरणात गुरं चरत होती.

"स्वयंपाकघरापर्यंतच ये," आई म्हणाली. "वरच्या खोलीत जाऊ नकोस. बसूसुद्धा नकोस."

"आई."

"उभ्यानेच जेव."

"एक वर्ष चार महिने राहिलेत, आई."

"आणि एक दिवस."

"आणि एक दिवस," तो म्हणाला. या वेळी तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याने दाराची मूठ खाली दाबली, सोडली. ती कुरकुरली. पुन्हा दाबली. "अजून तशीच वाजते," तो म्हणाला. मग हॅटने नाक पुसलं, आणि भटक्याने असं करायचं नसतं, हे मला नक्की माहीत आहे.

"हेन्न्या, इकडे ये. दार धर. असं नाही, कडेला उभा राहा. तू बिजागरी आहेस."

"पगार?"

"केक."

मी बिजागरी झालो. थिलो दारापलीकडे गेला. टकटक केली.

"कोण आहे?" आई म्हणाली.

"मी."

मूठ कुरकुरली. मी फिरलो, दार माझ्याबरोबर फिरलं, सताड उघडलं, आणि थिलो गवतातून गवतात आत आला. हॅट काढली.

"भूक लागलीय, आई."

"आधी पाय पूस," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून ट्रेवरचं फडकं उचलायला लागली. ते तिला बराच वेळ उचलता येईना.

त्याने पाय पुसले. नीट, दोन्ही. बसची वाट बघणारी एक बाई सगळं बघत होती. तिलाही केक दिला.

निघताना थिलोने पेन्सिल काढून दाराच्या वरच्या कडेवर काहीतरी लिहिलं. "चांगला सुतार बोलवा," तो म्हणाला. "त्याला हे वाचू दे." गाडी निघाली तेव्हा आईने मागे वळून बघितलं. तिला बंदी नव्हती. तो काठी उंच धरून उभा होता.

सोमवारी मी वुबेनाबाईंना फोन केला. त्या आल्या, बूट काढले, स्टुलावर चढून वरची कड वाचली: "बिजागरीच्या बाजूने दोन मिलिमीटर तासावं. खालच्या कडेला हात लावू नये. ती माझी. थिलो." त्या हसल्या आणि त्यांनी तेवढंच केलं.

दार आता छान उघडतं. फक्त शेवटच्या हातभर अंतरात फरशीवर खर्रर्र करतं. मी कामावरून येतो, दार ढकलतो, खर्रर्र होतं.

"कोण आहे?" आई आतून विचारते.

"मी, हेन्नो."

"हां," ती म्हणते. "ये, पाय पूस."