देव्हारा झालेली मशीन

मी एक शिलाई मशीन बोलतेय. काळी, पायानं चालवायची. महानंदाच्या वडिलांनी निपाणीत तिच्या लग्नासाठी मला घेतलं, आणि बसच्या टपावर बांधलेली मी तिच्याबरोबर बेंगळुरूला आले. तिचा नवरा बसवंत तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात लेथ चालवायचा. हात चांगला होता त्याचा. मी कुरकुरले की माझा पट्टा तोच आवळून द्यायचा.

दोन वर्षांपूर्वी ते वर्कशॉप बंद पडलं. बसवंत पोथी घेऊन बसला. म्हणाला, "ज्यानं चोच दिली तो चारा देईल."

त्याच्याबरोबर काम केलेला रघुजी एकदा आला. "आनेकलच्या एका कारखान्यात माणसं घेतायत. उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

"देवाच्या मनात असेल तर इथंच मिळेल."

रघुजी चहा न घेताच गेला. पुन्हा आला नाही.

मग महानंदा सकाळपासून माझ्यापाशी बसू लागली. शाळेचे गणवेश, ब्लाउज, साड्यांचे फॉल. बायका दारातूनच म्हणायच्या, "अक्का, स्वल्प अर्जंट आहे." ती "सरी", म्हणजे बरं, म्हणायची आणि पायडल दाबायची. तिचा उजवा गुडघा सुजलेला मला सगळ्यांत आधी कळला, कारण तिच्या पावलाचा जोर कमी झाला होता.

बसवंत पाहुण्यांना सांगायचा, "एक दिवस चूल विझली नाही बघा. त्यालाच काळजी." महानंदा मान वर न करता दोरा तोडायची.

त्यांची लेक प्रियदर्शनी. तिला पॉलिटेक्निकला सीट मिळाली. शनिवारपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. बुधवारी बसवंतनं ते कागद पिशवीत घातले. "देवाच्या पायाशी ठेवून आणतो," म्हणून गावी गेला. तिथं जत्रा होती. पोरीनं फोनवर फोन केले. तो परतला सोमवारी, कागदांवर हळदीकुंकू लावून.

कॉलेजनं सीट दुसऱ्याला दिली होती.

"देवाची इच्छा नसेल," बसवंत म्हणाला.

प्रियदर्शनी माझ्यावर हात टेकून उभी होती. "इच्छा होती, अप्पा. सीट दिली होती की त्यानं. तुम्हीच घेऊन गेलात."

महानंदानं ते हळद लागलेले कागद पदरानं पुसले. डाग निघाले नाहीत.

आता प्रियदर्शनी कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवते. महानंदाचा गुडघा वाकत नाही. मला मोटर बसवली तर मी अजून दहा वर्षं शिवेन. तिनं तसं सांगूनही पाहिलं. बसवंत म्हणाला, "देव सुचवेल तेव्हा." आणि त्यानं माझ्यावर लाल कापड पसरून देव मांडले.

समईत रोज तेल पडतं. माझ्या सांध्यांना वर्षभर थेंब नाही. सकाळी बसवंत डोळे मिटून उद्याचं मागत असतो, तेव्हा मागून प्रियदर्शनी डबा उचलून कारखान्याची बस गाठायला निघते. ती इकडे बघतही नाही.

तुमच्या घरात कुणी देवावर भार टाकून निवांत बसलं असेल, तर मला हात जोडू नका. घरातल्या बाईचे पाय तेवढे एकदा बघा.