खुंट्याचं पेन

"पाणी बंद कर आधी! लाकूड हाय ते, लोखंड न्हाई!"

मालोजी ओरडला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ड्रिलपाशी धूर दिसला की हत्यार निववणाऱ्या कुलंटची तोटी सोडायची, ही कंपनीच्या लेथवरची सवय ज्योतीरामच्या हाडात मुरलेली. दुधासारखं ते पाणी बाभळीच्या तुकड्यावर पडलं, रिफिलसाठी पाडलेल्या भोकात शिरलं आणि बघता बघता लाकूड काळं पडलं.

"आता वाळताना फाटणार बघ," मालोजी म्हणाला. काळेवाडीतली ती पत्र्याची शेड त्याची, जुनं लेथही त्याचंच. "दुसरा तुकडा घे, राव. बाभळीला काय तोटा हाय?"

ज्योतीराम तुकडा सदऱ्यानं पुसत राहिला. तो तुकडा म्हणजे त्याच्या आईच्या जात्याचा खुंटा होता.

गल्लीत पिठाची गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात पडून होतं. आई, अंबूबाई, म्हातारपणी वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली होती. अक्षरं तिला ओळखता येत, पण काढता येत नसत. जन्मभर खुंटा धरून तिची बोटं तशीच वळली होती. वर्गातलं बारीक पेन त्या मुठीत ठरत नसे.

"नाव लिहायला शिकलीस का गं?" ज्योतीरामनं एकदा विचारलं होतं.

"माझं न्हाई लिवायचं. तुझ्या बाचं लिवायचंय." आई खाली बघत म्हणाली. "लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. फुडं समदं 'अवं' न् 'आयकलं का' वरच गेलं. तोंडानं तर आता घ्यायची न्हाई मी. हातानं घीन."

ज्योतीरामच्या बापाला, धोंडीबाला, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग तिनंच एक दिवस खुंटा ठोकून सैल केला आणि लेकाच्या हातात दिला. "ह्याचं पेन कर. ह्यो माझ्या हाताला ठावा हाय. शनवारी शेवटचा वर्ग, मग उन्हाळ्यापायी बंद. तवर जमलं तर जमलं, न्हाईतर मी काय परत जात न्हाई."

आणि तोच खुंटा ज्योतीराम भिजवून बसला होता.

दोन दिवस त्याचं कशात लक्ष लागेना. खुंट्याचं कातलेलं पेन शेडमध्ये, पोत्याखाली सावलीला वाळत ठेवलेलं. हा कंपनीत मशीनपुढे. जॉबचा तुकडा एकदा उलटा लावला, एकदा मापाखाली गेला.

"काय ज्योतीराम, बायको माहेरी गेली का पळून?" शेजारच्या मशीनवरचा सयाजी ओरडला.

"तुज्याच घरी आलीय. जेवायला घाल," ज्योतीराम म्हणाला. सगळे हसले. त्याला मात्र हसू आलं नाही. शिफ्ट सुटली तसा तो चहालाही न थांबता सायकलवर बसला.

पेन फाटलं होतं. टोकापासून मधोमध, लाकडाच्या रेषेच्या अंगानं, नख जाईल एवढा तडा. त्यानं त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून तड्यात भरला, दाबून बांधला. दुसऱ्या दिवशी दोरी सोडली तर तडा पुन्हा उघडा.

"हे घे," मालोजीनं शिसवीचं एक पेन त्याच्यापुढं धरलं. चांगलं जाडजूड, गुळगुळीत. "तुज्या खुंट्याच्या मापानं काढलंय. म्हातारीला सांग, खुंट्याचंच हाय. पालिश केल्यावं रंग बदलतो म्हनावं."

ज्योतीरामनं ते खिशात टाकलं, पण पाय शेडबाहेर निघेना. परत आत वळला. पितळी पाइपाचा तुकडा कापला, आतून घासून मापाला आणला, तापवला. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तशी ती गरम कडी त्यानं तड्यावर चढवली. कडी निवली तशी आवळली आणि तडा मिटला. मिटला म्हणजे गेला नाही. आत रिफिल बसली, पण कडीखालून काळी रेघ दोन्हीकडं दिसतच होती.

शनिवारी दुपारी आई वर्गाला निघायच्या तयारीत पाटी घेऊन, कागद घेऊन बसली होती. त्यानं शिसवीचं पेन पुढं केलं. तिनं ते मुठीत घेतलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"लई झ्याक केलंस," ती म्हणाली आणि पेन मांडीवर ठेवलं. उचललं नाही.

ज्योतीरामला ते बघवेना. त्यानं दुसऱ्या खिशातून खुंट्याचं पेन काढलं. "आई, हे खरं. फाटलंय ते माज्या हातनं. पानी पडलं त्याच्यावर."

"लाकडाला पानी?"

"व्हय. चुकलं."

"कंपनीत ह्येच शिकवत्यात व्हय रं?" म्हणत तिनं पेन ओढून घेतलं. अंगठा कडीवरून सरकत काळ्या रेघेपाशी आला आणि तिथंच टेकला. बोटं आपसूक मिटली.

कागदावर ती वाकली. पहिलं अक्षर वाकडं आलं, दुसरं त्याच्या अंगावर गेलं. ज्योतीराम दाराशी उभा होता. त्याला मदतही करवेना आणि बाहेरही जाववेना. तिसरं अक्षर तिनं काढलं, थांबली, वर न बघता त्याचा काना ओढला.

धोंडीबा.

आईनं पेन हळूच खाली ठेवलं. मग खांद्यावर उतरलेला पदर तिनं दोन्ही हातांनी डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि कागदापासून जराशी सरकून, अंग चोरून बसली.