ओटीतले गहू

मालविकानं लेकीच्या अंगातल्या जाकिटाचा घेर पुढे ओढून त्याची झोळी केली आणि ओंजळभर गहू आत सोडले. नारळ घ्यायला ती ताटाकडे वळली, तोच अंतरा किंचाळली.

"आई! व्हॉट आर यू डुइंग?"

"ओटी भरतेय. अशीच रिकामी जाशील?"

अंतरानं जाकीट फक्त मापाला म्हणून अंगात घातलं होतं. सकाळपासून ती चिमटा घेऊन त्याची शिवण न् शिवण साफ करत होती. आज संध्याकाळी दोह्याहून विमान, आणि पुढे बोटीनं आर्क्टिकमधला एक बेटांचा पुंजका. तिथे माणूस राहत नाही. कड्यांवर समुद्रपक्षी घरटी करतात, त्यांच्यासाठीच ती बेटं राखलेली. अंतराला उन्हाळाभर त्यांची पाहणी करायची होती. उतरण्याआधी कपडे तपासणार, बाहेरचं बी सापडलं की माणूस बोटीवरच. हे तिनं आईला बजावून सांगितलं होतं. मालविकानं मान डोलावली होती आणि सगळं तिच्या डोक्यावरून गेलं होतं.

"अगं, खायचे गहू आहेत. मावशीनं नाशिकहून पाठवलेले."

"खायचे उगवत नाहीत?"

दर नवरात्रात, दोह्यातल्या अल हिलाल भागातल्या याच फ्लॅटमध्ये, घटाखालच्या मातीत मालविकाच ते उगवून दाखवायची.

"पण तिथे कोणी राहतच नाही, तर मनाई करतं कोण?"

"बर्ड्ससाठी आहे ते, आई."

"पक्षी गहू खातात की."

"हे नाही खात. दे ईट फिश."

अंतरानं जाकीट अलगद उतरवलं आणि दोघी जमिनीवर चादर पसरून बसल्या. मालविकाचा नवरा विजय गाडीची किल्ली हलवत दारात आला, "यल्ला, चला, ट्रॅफिक लागेल," म्हणाला, आणि एकाच जाकिटात खुपसलेली मायलेकींची डोकी पाहून शहाण्यासारखा परत गेला.

मालविका दाणे वेचू लागली. हात सवयीनं चालत होते, डोकं मात्र चालेना. ओटीतले चार दाणे परत ताटात टाकायचे असतात, घर भरलेलं राहावं म्हणून. इथे तर सगळेच परत येत होते. हा शकुन म्हणायचा की अपशकुन? बहिणीला फोन लावावा, तर ती आधी विचारणार, बेटावर माणसं नाहीत तर पोरगी राहणार कोणाकडे. त्याचं उत्तरही मालविकाला नीट माहीत नव्हतं. तिला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही. मुलीचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही येईना.

अंतरा ताट स्वयंपाकघरात ठेवून फोनवर बोलायला आत गेली. मालविकानं शेवटचं म्हणून जाकिटाच्या खिशाच्या शिवणीतून बोट फिरवलं. एक दाणा लागला. अगदी आत, व्हेल्क्रोच्या मागे.

बोट तिथेच थांबलं. एवढ्या आतला कोणाला दिसणार होता? एकच तर होता. राहिला असता, तर पोर रिकामी गेली नसती.

आतून अंतराचा आवाज येत होता. आपलं सगळं सामान साफ झालंय, असं ती कोणाला तरी इंग्रजीत सांगत होती. शाळेतून पळत येऊन निकाल सांगायची, तसा आवाज.

मालविकानं नखानं दाणा बाहेर काढला. ठेवायला ताट जवळ नव्हतं. तिनं तो तोंडात टाकला.

"अजून एखादा मिळाला?" अंतरानं दारातून विचारलं.

"नाही. खलास," मालविका म्हणाली, आणि तो दाणा दाढेखाली सावकाश चावत राहिली.