झोळीखालचं पोतं

दिघ्याच्या उतारावर पत्र्याचं घर, घरात लुगड्याची झोळी, झोळीत गोजराची सुगंधा, अजून धड बसताही न येणारी. अंधार पडला की भिंतीच्या फटीतून किडा उतरायचा. ढेकणाहून मोठा, काळा, कडेला तांबडे ठिपके, सोंड गळ्याखाली दुमडलेली. सकाळी लेकराच्या गालावर गांध. गोजरा फटी लिंपायची, धुरी द्यायची, ओव्या म्हणत जागायची. डोळा लागला की किडा यायचाच.

तिचा नवरा पोपट पावणे गावात, पिकांवर फवारायच्या औषधाच्या कारखान्यात कामाला. तिथली रिकामी पोती कामगार लपवून घरी नेत. कुणी दाराला लावी, कुणी अंथरी. सापडला तर काम जाई. पोपटनं एक आणलं. गोजरानं ते झोळीला खालून शिवलं.

सकाळी झोळीखाली किडे उताणे पडलेले. गोजरानं शेजारणीला हाक मारून दाखवले. पोरही कसं गाढ निजलंय म्हणून सुखावली.

दुपारी पोर दूध ओढेना. तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या.

दवाखान्यात तिनं पदराची गाठ सोडून मेलेला किडा अरुणा डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. ह्योच चावतो, म्हणाली. बाईंनी तो उलटून पाहिला. इतर किडे मारून खाणाऱ्या, मारेकरी म्हणतात त्या ढेकणांच्या कुळातला हा, त्या म्हणाल्या. याच्या वंशातल्या बाकीच्या जाती बहुतेक सातासमुद्रापार, ही एक जहाजांतल्या उंदरांमागे बंदरांत आली असावी. रक्त पिते, आग होते. पण हिच्या चाव्यानं डोळे असे होत नाहीत.

"मारला कुणी हा?"

"कुनी नाय बाई. झोळीखाली आपोआप मेला."

बाईंनी पोराचं अंगडं हुंगलं. झोळीला काय लावलंय, त्यांनी सोबत आलेल्या पोपटला विचारलं.

"गोनपाट हाय. साधं."

बाई दुसरं काही शोधत राहिल्या, छाती ऐकत, घसा पाहत. पोराला धाप लागली तेव्हा कुठे पोपट कारखान्याचं बोलला. बाईंनी धावत सुई आणली, टोचली, परत टोचली. दिवेलागणीला सुगंधाचा श्वास थांबला.

परतताना पोर पोपटच्या खांद्यावर होतं. चढाला लागल्यावर गोजरानं विचारलं, "तुमाला ठाव होतं?"

"धुतलं होतं गं म्या. खाडीच्या पान्यात, घासून घासून."

तिनं पोर त्याच्याकडून ओढून घेतलं. चोळी दुधानं भिजली होती. लोक बघतात म्हणून पाजताना घ्यावा तसा पदर पोराच्या तोंडावर घेतला आणि चालू लागली.