आत्यानं भरलेली काडतुसं

१९६१ सालची गोष्ट. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात बाबांचं ते शेवटचं वर्ष होतं. गुरांचं ठिकाण विकून झालं होतं, पुढच्या एप्रिलात नवा मालक राहायला यायचा होता आणि बाबा गावात दोन खोल्यांत जाणार होते. त्याबद्दल त्यांची कुरकुर नव्हती. एवढंच म्हणायचे, की जायच्या आधी एकदा खिंडीत बसून, आजोबांच्या रायफलीनं एक एल्क, म्हणजे इकडचं थोरलं हरीण, मारायचा. मग त्या रायफलीनं खुशाल भिंतीवर लटकावं आणि त्यांनी खुर्चीत.

अडचण खांद्याची होती. मे महिन्यात घोडी घसरून त्यांच्या अंगावर पडली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं की बंदुकीचा धक्का या खांद्याला लागता कामा नये. बाबा डावखुरे असते तरी ऐकलं नसतं, पण निदान सोय झाली असती.

दुसरी अडचण रायफलीचीच. ती खालची लिव्हर पुढेमागे केली की काडतूस वर येतं, त्या जातीची. आजोबांनी तरुणपणी घेतलेली, लाकडाचा रंग हातांनी काळा पडलेला. तिच्या मापाची काडतुसं कारखान्यांनी महायुद्धाच्या सुमारास बंद केली. आमच्या खोऱ्यात अशा म्हाताऱ्या रायफली घरोघर होत्या. त्या अजून बोलत होत्या त्या एका बाईमुळे, आणि ती बाई म्हणजे बाबांची धाकटी बहीण, माझी लव्हिना आत्या.

नवरा गेल्यावर आत्या आमच्याच घरी राहायला आली, ती येताना त्याची काडतुसं भरायची प्रेस, साचे आणि तराजू घेऊन. स्वयंपाकघरामागची कोठी तिनं बळकावली. दुसऱ्याच कुठल्या मापाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून ती आम्हाला हव्या त्या मापाच्या करायची. घाई केली की पितळेला सुरकुती पडते, म्हणून थोडं दाबायची, काढून बघायची, मेण लावायची, पुन्हा दाबायची. मोटारीच्या चाकांची जुनी शिशाची वजनं वितळवून गोळ्या ओतायची. गोळीचं नाक नेहमी चपटं. या रायफलीत काडतुसं नळीत एकापुढे एक झोपतात. टोकदार नाक असेल तर ते पुढच्याच्या बुडावर टेकतं, आणि बुडाशीच ठिणगीची टोपी, ती ठेचली की बार उडतो. हे आम्हा मुलांना अक्षरांच्या आधी शिकवलेलं.

मी तेव्हा तिशीची होते. ओतलेल्या गोळ्या उजेडात फिरवून बघणं आणि खोट असलेल्या परत कढईत टाकणं हे काम माझ्याकडे. आत्याच्या हाताकडे बघत राहावंसं वाटायचं. जाडजूड, बटाटे उकरून भेगाळलेली बोटं, पण तराजूच्या पारड्यात बंदुकीच्या दारूचा शेवटचा कण टाकताना ती सुईत दोरा ओवावा तशी हलकी व्हायची.

त्या ऑगस्टमध्ये तिनं ठरवलं, की बाबांच्या खांद्याला सोसेल असं काडतूस बनवायचं. बाबा आधी चिडले. हलकी काडतुसं वापरणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टर उडवलेली.

"लव्हिना, मला बाळांची काडतुसं नकोत."

"बाळ निमूट बसतं तरी," आत्या म्हणाली.

गोठ्यामागे धान्याच्या पोत्यावर रायफल टेकवून चाचण्या सुरू झाल्या. मी फळीवरची भोकं बघत होते. आत्या फळीकडे बघतच नव्हती, ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची. बार उडाल्यावर कळेनं त्यांचे कान पांढरे पडले की ती तडक कोठीत परत. दारू बदलली, कमी केली, गोळी हलकी ओतली. दोन-तीन आठवडे हेच चाललं. मग एका सकाळी बाबांनी बार काढला आणि खांदा न चोळता, सवयीनं लगेच लिव्हर ओढली. पुंगळी टण् करून गवतात पडली. आत्या म्हणाली, हेच.

मात्र तिनं अट घातली. ही गोळी सावकाश जाते आणि लवकर खाली येते, तेव्हा कुंपणापासून विहिरीपर्यंत जेवढं अंतर तेवढ्यातच बार काढायचा. त्यापलीकडे जनावर नुसतं जखमी होऊन पळेल आणि रानात तडफडत मरेल. बाबांनी तोंड वाकडं करून कबूल केलं.

हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या काडतुसं भरायला बसली. भरायच्या वेळी कोठीत बोलायचं नाही, हा नियम. रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात पालथ्या. एक उलटायची, दारू ओतायची, आत डोकावायचं, गोळी बसवायची, डब्यात ठेवायची. मग पुढची.

तेवढ्यात शेजारचा हॉलिस बज आत आला. माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की घोडे दचकावेत. त्यानं त्या वर्षी दुर्बीण लावलेली नवी रायफल घेतली होती आणि ती न बघितलेलं माणूस खोऱ्यात उरलं नव्हतं. बायकोनं दिलेली हकलबेरीची पाय, म्हणजे रानफळं भरून भाजलेली गोड पोळी, त्यानं थाळीसकट टेबलावर ठेवली, खिंडीत मोठा नर बघितल्याची बातमी दिली, आणि वर बाबांचं नाव घेऊन म्हणाला, "लव्हिनाबाई, ऑरिन यंदा फटाके उडवणार म्हणे?"

आत्यानं हातातली पुंगळी खाली ठेवली. इतर कशावरही ती गप्प राहिली असती.

"हॉलिस, तुझ्या त्या दुर्बिणीतून तुला तुझा गोठा तरी दिसतो का? गेल्या साली सबंध डबा संपवून तू एक फांदी घरी आणलीस."

हॉलिस मोठ्यानं हसला, कॉफी मागून घेतली, प्यायला आणि गेला. आत्या परत कामाला लागली. सगळी भरून झाली तेव्हा तिचे हात मांडीवर पडले आणि ती डब्याकडे बघत बसली.

मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, हॉलिस आला तेव्हा हातातल्या पुंगळीत दारू ओतलेली होती की नव्हती, आठवत नाही. नंतर उचलून ओतली एवढं आठवतं. आत डोकावले का, तेही आठवत नाही.

नेहमीच्या दारूनं पुंगळी तोंडापर्यंत भरते. दोनदा ओतली तर सांडते, आंधळ्यालाही कळतं. पण हिनं बाबांसाठी निवडलेली दारू चिमूटभरच लागायची. दोनदा पडली तरी वर जागा उरते आणि गोळी मुकाट बसते. ते काडतूस उडालं तर रायफल बाबांच्या गालाशी फुटणार.

मी म्हटलं, वजन करून बघू. तिनं मान हलवली. या पुंगळ्या ठिकठिकाणच्या, कुणी जाड कुणी पातळ. त्यांच्या आपसातल्या फरकात चिमूटभर दारू लपून जाते.

बाबा आत आले. ऐकून घेतलं. म्हणाले, संशय एकाचा, बाकीची तर चांगली आहेत. उद्या मला एक-दोनच लागतील. एवढ्यांतून नेमकं तेच हाताला यायचं कारण काय?

"न यायचं कारण काय, ते सांग," आत्या म्हणाली.

"उद्या पहाटे निघायचंय, लव्हिना. पहिले बार उडाले की एल्क खिंड सोडून जातात. माझ्याकडे दुसरा उद्या नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच बाहेर हो आणि कुणाला आत सोडू नकोस."

तिनं एकेक काडतूस प्रेसला लावून गोळ्या उपटायला सुरुवात केली. मऊ शिसं चिमट्यात चेपायचं. ती प्रत्येक गोळी वाया गेली. दारू पारड्यात ओतून मी मोजत होते. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. मोजलेली दारू आत्यानं परत डब्यात घातली नाही. उघड्यावर सांडलेली, शिशाचे कण मिसळलेली दारू पुन्हा वापरणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. ती खत म्हणून कांद्याच्या वाफ्यात गेली. शेवटच्या काडतुसापर्यंत सगळी बरोबर निघाली. एकातही कण जास्त नव्हता.

बाबा दारातून बघत होते. "झालं? काय मिळालं मग?"

"मला आज झोप लागेल," आत्या म्हणाली आणि कढई चुलीवर चढवली.

गोळ्या नव्यानं ओतल्या. त्या जातीची दारू डब्याच्या तळाशी तीन काडतुसांपुरती उरली होती आणि गावातलं दुकान बंद झालं होतं. बाबा स्टूल टाकून दारात बसले. हॉलिस थाळी न्यायला परत आला, त्याला त्यांनी अंगणातूनच वाटेला लावलं. मग गावचे पाद्रीबाबा आले, त्यांनाही बाबांनी सांगितलं, आत बाई प्रार्थना करते आहे. जेवायच्या वेळेला आत्यानं तीन काडतुसं पुसून त्यांच्या तळहातावर ठेवली. एरवी बाबांनी काहीतरी टोमणा मारला असता. तेव्हा त्यांनी नुसती मूठ मिटली.

पहाटे मी त्यांच्याबरोबर खिंडीत गेले. ऊन फुटल्यावर हॉलिसनं सांगितलेला नर खरंच आला, शिंगं एवढी की मान तोलून चालत होता. तो पलीकडच्या उतारावर थांबला. कुंपण ते विहीर, त्याच्या दुप्पट अंतर असेल. बाबांनी रायफल खांद्याला लावली. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ त्यांनी नळीच्या टोकाची नेमाची माशी त्याच्यावर धरून ठेवली आणि मग रायफल गुडघ्यावर घेतली. नर झाडीत गेला. आम्ही थंड मांस-पाव खाल्ला.

दुपार कलताना एक तरुण नर खालून चढत आला, इतका जवळ की त्याच्या नाकपुड्यांची वाफ दिसली. बार फार मोठा झाला नाही. तो चार पावलं चालला, गुडघे टेकले आणि आडवा झाला. बाबांनी लिव्हर ओढली होती आणि खांदा जागच्या जागी होता. मग ते त्याच्यापाशी गेले, टोपी काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले.

खेचरावर मांस लादून आम्ही उतरलो तेव्हा आत्या फाटकात उभी होती. आधी खांदा विचारला, मग अंतर. बाबांनी मोठ्या नराचं सांगितलं. हॉलिसही तिथं येऊन उभा होता. तो म्हणाला, त्याच्याकडे दुर्बीण असून तसा नर त्याच्यानं सोडवला नसता. आत्या भावाकडे बघत होती.

"तुझ्यानं सोडवला," ती म्हणाली.

"काडतूस तुझं होतं," बाबा म्हणाले. "मला त्याची लाज राखायची होती."

बाबा एप्रिलात आत्याला घेऊन गावात गेले आणि आणखी नऊ वर्षं जगले. रायफल त्यांनी पुन्हा उडवली नाही, दर रविवारी तेल मात्र दिलं. हॉलिस पुढच्या हिवाळ्यात आत्याकडे काडतुसं भरायला शिकायला आला; ती गेल्यावर खोऱ्यातल्या म्हाताऱ्या रायफली त्यानंच सांभाळल्या, आणि तो फार कमी बोलायला लागला असं त्याची बायको सांगायची. आत्या चौऱ्याहत्तर साली वारली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचं कळलं त्या दिवशी तिनं स्वतःच तराजू झाकून ठेवला होता. रायफल आता माझ्या नातीकडे आयडाहोत आहे. ती दर हंगामाला एल्कसाठी खिंडी धुंडाळते. मी मिझुलाला मुलाकडे असते, आणि थंडी फार नसली की कांदे लावते.