फिक्रीसाठी आबरे

गोटा पुन्हा डावीकडे घरंगळला, जुबाराच्या सिगारेटच्या पाकिटाला टेकून थांबला, आणि पुढचं चाक खळग्यात गेलं तसा काचेखालच्या फळीवरून परत उजवीकडे आला – थेट सामिलच्या गुडघ्यांसमोर. पांढरा, कबुतराच्या अंड्याएवढा, आणि कडेनं एक लाल शीर, मध्येच तुटलेली. जुन्या थडग्यांवर असे पांढरे गोटे हजारांनी पडलेत, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं इतके सारखे, पण हा... हा त्यानं स्वतः निवडला होता, तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, आणि डोक्याच्या बाजूला सगळ्यांत शेवटी ठेवला होता. दुसरा असूच शकत नाही.

"हा कुठनं आणलास?" त्यानं विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं.

"चाललोय तिथनंच," स्टिअरिंगवरचा एक हात काढून जुबारानं गोटा थोपवला. "काल बाईंनी मला रस्ता बघायला पाठवलं नव्हतं का? बरा दिसला म्हणून उचलला. का हो मामा, थडग्यावरचा म्हणून भीती वाटते की काय?"

जुबारा त्यांच्याच गावचा, नदीकाठचा, सामिलच्या मुलाबरोबर, फिक्रीबरोबर, शाळेत शिकलेला. तोंडाचा फटकळ. सगळ्या म्हाताऱ्यांना मामा म्हणायचा आणि सगळ्या मामांची टिंगल करायचा. सामिलनं गोट्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि मग त्याला दुसरं काही दिसेना.

मागच्या बाकावरून रबाबनं तिची चकचकीत पाटी पुढे केली. खार्तूमहून आलेली, पुराणवस्तू खात्यातली, पस्तिशीची बाई. तीन हिवाळे ती या वाळवंटात फिरत होती आणि तिला अजून एकही न फुटलेलं थडगं मिळालं नव्हतं. "काका, हे बघा. आकाशातून काढलेला फोटो. मोठी अकरा वर्तुळं आहेत ना, ती सगळी लुटलेली. सोन्यापायी पार उकरून टाकलीत मेल्यांनी. पण हे बारावं, कडेचं, छोटंसं... पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत हे नाहीच! म्हणजे वाळूखाली होतं. आत्ता वाळू सरकली. चोरांना ते दिसलंच नाही, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"चार हजार वर्षांत कुणाचा हात लागला नसेल त्याला!"

तीस वर्षं सामिल या लोकांना वाट दाखवत आला होता. आधी त्याचा बाप दाखवायचा, त्याआधी बापाचा बाप. वाट काय, कुणीही दाखवील. त्यांच्या घराण्याची खरी इस्टेट म्हणजे विहिरी. वाळवंटात चार जागी बुजवल्यासारख्या दिसणाऱ्या विहिरी, तोंडावर दगड, दगडावर उंटाचं कातडं, कातड्यावर वाळू. वरून चालत गेलात तरी पत्ता लागणार नाही. बाप लेकाला तिथं घेऊन जातो आणि दगड सरकवून पहिला घोट त्याच्या ओंजळीत घालतो. कागदावर लिहायचं नाही, घरात बोलायचं नाही. सामिलच्या बापानं त्याला तेराव्या वर्षी नेलं होतं.

"बाई, तिकडून नको," तो म्हणाला. "तिकडे वाळू मऊ. गाडी रुतली तर संध्याकाळ तिथंच. उत्तरेकडे टेकडीपाशी मी तुम्हाला याहून चांगली–"

"मामा, काल मी गेलो नि आलो, फरशीसारखी टणक आहे वाळू! म्हातारे झालात. उंटावरचे शहाणे." जुबारा हसला.

"आणि यंत्र सरळच दाखवतंय ना," रबाब म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं होतं, लागावं म्हणून नव्हे.

यंत्र. तुझ्या यंत्राला विचार... नदीच्या पायऱ्यांवर तो उभा होता, फिक्री, चोवीस वर्षांचा, पाठीवर सोनं शोधायचं ते वाटोळ्या पात्याचं यंत्र आणि मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पाण्याचे डबे. वाटाड्याचा पोरगा थडगी उकरायला निघालेला! गावात त्याची चर्चा झाली होती, चहाच्या टपरीवर एक जण सामिलच्या तोंडावर हसला होता. आणि हा म्हणतो कसा, बाबा, शिव्या घाला, मारा, पण निदान एका विहिरीची जागा सांगा. डबे पुरणार नाहीत. सामिलनं पाय धुतले, चपला घातल्या, चपलांचे पट्टे सावकाश लावले – मुद्दाम सावकाश, पोराला उभं ठेवायला – आणि म्हणाला, "एवढं सोनं दिसतं तुझ्या यंत्राला, पाणी नाही दिसत? त्यालाच विचार."

बस. एवढंच. यापेक्षा वाईट बाप पोरांना बोलतात, आणि पोरं संध्याकाळी घरी जेवायला येतात.

"मामा, फिक्रीचं काय हो?" जुबारानं रस्त्यावरची नजर काढून, सरळ मान वळवून विचारलं. "लिबियात सोनं काढतोय का माझ्या यंत्रानं? एक फोन नाही पठ्ठ्याचा. माझं यंत्र घेऊन गेला नि विसरला मित्राला."

"आईला विसरला, तुझं काय घेऊन बसलास."

हे वाक्य त्याच्या तोंडात बसलेलं होतं. तीन वर्षं तो ते सितेनाला ऐकवत होता. तुझ्या लेकाला आईची पर्वा असती तर... आणि ती, त्याची बायको, भाकरी उलटता उलटता म्हणायची, येईल हो. रागावलाय तो. तुमच्यावर, माझ्यावर नाही. आज पहाटेही तिनं पुडा आणून दिला होता. आबरे – ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे कागदासारखे पापुद्रे, पाण्यात टाकले की फुलतात, आंबूस-गोड लागतात, तहान मारतात. दर सफरीला पुडा. "अहो, पश्चिमेला जाणारे ट्रक भेटतात ना तुम्हाला? कुणी बरा माणूस दिसला तर द्या त्याच्याकडे. म्हणावं, फिक्री सामिल, सेबहा गावी असतो." लिबियातलं सेबहा हे नावही सामिलनंच तिला दिलं होतं; काहीतरी द्यायला हवं होतं. आणि दर सफरीला दुपारी, गाडीच्या सावलीत, सगळ्यांकडे पाठ करून तो तो पुडा सोडायचा, तांब्यात भिजवायचा आणि प्यायचा. पहिल्या वेळी घशाखाली उतरेना. दुसऱ्या वेळी उतरलं. आता तर सकाळपासून त्याची आठवण यायची. तिचा हात चांगलाच होता.

संध्याकाळी ती विचारायची, दिलंत का? तो म्हणायचा, दिलं. पोचेल की नाही देव जाणे.

का नाही सांगितलं तिला? लोकांना वाटेल, लाजेपायी. लाज कसली! त्याच रात्री, फिक्री गेला त्या रात्री, तिनं विचारलं होतं, "विहीर सांगितलीत ना त्याला?" आणि मी हो म्हणालो. जेवत होतो, भांडण नको होतं, हो म्हणालो. मग पोरगा तहानेनं मेला असं सांगायचं कसं? ज्याला विहीर ठाऊक आहे तो तहानेनं मरत नाही. एकदा हो म्हटल्यावर त्याला जिवंत ठेवणं भाग होतं.

आठव्या दिवशी तो उंट घेऊन निघाला होता. शोधायला नव्हे – हे तो स्वतःशी कधीच लपवत नाही – शोधायला नव्हे, पोरगा किती नरमलाय ते बघायला. नाक घासत येईल, मग दगड सरकवीन, ओंजळ धर म्हणेन. सगळं ठरवलं होतं. अकराव्या दिवशी खडीवर त्याच्या पावलांच्या खुणा लागल्या. मोठ्या थडग्यांपासून निघून पूर्वेला, मग वळून परत, मग पुन्हा पूर्वेला, शेवटी परत थडग्यांकडे. आणि विहिरीच्या जागी... सामिल उंटावरून उतरून तिथं उकिडवा बसला होता. पावलं विहिरीवरूनच गेली होती. जाताना एकदा आणि येताना एकदा. कातड्यावरच्या वाळूत टाच खोल रुतली होती.

फिक्री अकराव्या थडग्याच्या सावलीत पडलेला होता, आणि त्याच्या हाताशी त्यानंच उकरून काढलेला वाडगा – तांबडा, काठाशी काळा, नखानं वाजवला तर वाजेल इतका पातळ. उताणा वाडगा. काय मागत होता त्याच्याकडे, कोण जाणे. सामिलजवळ दोन भरलेल्या पखाली होत्या. पण परतीचे तीन दिवस होते, म्हणून त्यानं पोराला वाळूनंच पुसून काढलं. धर्माला चालतं ते, पाणी नसलं तर. मग खड्डा, उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडे. आणि मग आपल्यात करतात तसं वर पांढरे गोटे, डोक्याशी पाण्याचा वाडगा. दुसरा वाडगा कुठून आणणार? तोच ठेवला. पाणी घातलं नाही. मोटरसायकल ओढ्याच्या घळीत ढकलली, यंत्र विहिरीत टाकलं आणि दगड कायमचा लोटला. विहिरीत लोखंड टाकणाऱ्याला त्याच्या आजानं जिवंत गाडला असता.

आणि अजूनही, कधी कधी झोपेच्या आधी, तो पोरगा नदीच्या पायऱ्यांवर पुन्हा येऊन उभा राहतो, पुन्हा विचारतो. आणि दर वेळी... दर वेळी सामिलला त्याचा तसाच राग येतो.

"आलं!" रबाब ओरडली.

गाडी थांबली. अकरा फुटलेले ढिगारे, आणि कडेला ते बारावं. छोटं, नीटनेटकं. वाऱ्यानं एक गोटाही हलवला नव्हता. फक्त डोक्याशी एक जागा रिकामी होती. रबाब धावतच गेली, गुडघ्यांवर बसली, आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला. "वाडगा बघा... अख्खा आहे. काका, अख्खा आहे हो!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सामिल तिच्याकडे बघत राहिला. या मातीसाठी रडणारं पहिलं माणूस.

मग ती खात्यातली बाई झाली. दोरी लावली, फोटो काढले, वहीत लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोलू लागली, ती नेहमी बोलायची तशी. "गोटे बघा, सगळे एका मापाचे. निवडून लावलेत. दिवस गेला असेल. हे काही घरच्या माणसाचं काम नाही. रडणारा माणूस गोंधळतो, घाईनं उरकतो. इथं हात जराही थरथरलेला नाही. कुणी चाकर असणार, धन्याला भिऊन राबणारा. किंवा मग मेलेल्यावर कुणाचं प्रेमच नव्हतं."

"तुम्हाला काय वाटतं, मामा?" जुबारानं विचारलं. त्याच्या हातात फावडं होतं, पण तो गोट्यांकडे बघत होता, वाडग्याकडे बघत होता, आणि हसत नव्हता. "आमच्या आजीच्या कबरीवर असंच आहे. हुबेहूब. चार हजार वर्षांत काहीच बदललं नाही?"

"लोक बदलत नाहीत," सामिल म्हणाला. "जित्याची खोड."

"जुबारा, आधी वाडगा उचलू," रबाब म्हणाली. "मग काका, पहिलं फावडं तुमचं. तुमचा हात हलका आहे. संध्याकाळपर्यंत डोकं तरी दिसेल."

डोकं तरी दिसेल. सामिल खाली बसला. हाताला काय करायचंय ते त्याला ठाऊक नव्हतं, हाताला ठाऊक होतं – दुपार होती, गाडीची सावली होती, रोजची वेळ. त्यानं झग्याच्या खिशातून पुडा काढला. दोरा सोडला. पापुद्रे त्या वाडग्यात चुरले, साचलेल्या वाळूवरच, आणि बाटलीचं बूच काढून वर पाणी ओतलं. काठोकाठ.

"काका! काय करताय? अहो, वाया गेलं ना सगळं! आतले नमुने–" रबाबनं त्याचं मनगट धरलं, आणि सोडलं.

जुबाराचं फावडं खाली पडलं. तो सामिलच्या तोंडाकडे बघत होता, मग थडग्याच्या लांबीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मामा," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "लिबिया म्हणालात तुम्ही. मामा, तुम्ही लिबिया म्हणालात हो..." तो मटकन बसला आणि दोन्ही तळवे उघडून मेलेल्यासाठीची प्रार्थना पुटपुटू लागला.

"कुणाचं आहे हे?" रबाब विचारत होती. "कुणीतरी सांगा मला. कुणाचं आहे हे?"

आबरे फुलत होतं. आंबूस वास आला, घरचा, आणि सामिलचा हात सवयीनं वाडग्याकडे गेला... त्यानं तो मागे घेतला. फार तहान लागली होती. जुबारा बोलेल का? यंत्र त्याचं होतं. थडगी उकरायला यंत्र कुणी दिलं हे बाईंना कळायला नको असेल तर गप्प बसेल. बसवता येईल त्याला. आणि बाई खणोत की न खणोत, सूर्य कलायच्या आत गाडी परत फिरेल. दारात सितेना उभी असेल, हात पुसत, आणि विचारील, दिलंत का? आणि तो म्हणेल, पोचलं. त्याच्या उशाशी ठेवून आलो. एक अक्षर खोटं नाही. तिचं तोंड कसं होईल ते त्याला आत्ताच दिसत होतं. ती रात्रीच ज्वारी भिजत घालील, आणि आता दहा वर्षं वाट बघील, वीस वर्षं, आनंदानं.

वाडग्यातलं पाणी काठावरून ओघळलं, आणि त्या लाल शिरेच्या गोट्याच्या रिकाम्या जागेत मुरलं. सामिलनं सूर्याकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला घरी जायची घाई झाली होती.