तिरपा फेटा

उकंडरावांनी फेट्याचं टोक खोचलं, आरशात बघत मिशीवर बोट फिरवलं, आणि फेटा घसरून थेट नाकावर येऊन बसला.

दारात ज्वारी पाखडणाऱ्या गोजरबाईनं सूप तोंडासमोर धरलं. नवऱ्याला हसायचं ते आडोशानं, एवढी रीत ती पाळत असे.

"काहून हसून राहिली?" फेट्याच्या आतून आवाज आला. "तूच कापायला लावलं न्हाई का?"

ते खरंच होतं. उकंडरावांच्या डाव्या कानाच्या वर लिंबाएवढी गाठ होती, आणि तिच्यावर फेटा असा तिरपा अडकायचा की सेनगावच्या बाजारात लोक वळून बघत. गावातली पोरं फेट्याखाली चिंध्या कोंबून तसाच ऐटीत मिरवत. पुढे गाठ वाढली, उशीला रक्त लागू लागलं, तरी हे गृहस्थ म्हणायचे, देवानं खुंटी दिलीय, राहू द्या. शेवटी गोजरबाईनं चूल पेटवणं बंद केलं, तेव्हा कुठे गाडी हिंगोलीच्या दवाखान्याला लागली.

डॉक्टरांनी गाठ काढली, भोवतीची चांगली कातडीही काढली आणि तुकडा तपासायला हैदराबादला पाठवला. उत्तर आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"पाटील, कातडीखाली घाम तयार होतो ना, तिथला कॅन्सर आहे हा. लाखों में एक को होता."

"लाखात एक?" उकंडराव ताठ बसले. आपल्या रोगाचा एवढा अभिमान वाटलेला माणूस डॉक्टर पहिल्यांदाच बघत असावेत.

"घामाचा?" गोजरबाई म्हणाली. "साहेब, नीट बघा. घाम सालगडी गाळतात. हे निस्ते बांधावर बसून राहतात."

डॉक्टर हसले, पण पुढचं त्यांनी तिच्याकडे बघून सांगितलं. हा रोग परत येतो. औषध नाही. लवकर सापडला तर पुन्हा कापता येतो, मानेत उतरला तर मग कोणाच्याच हातात काही राहत नाही. तेव्हा डोकं चाचपत जा.

पण उकंडराव डोकं देतील तर ना!

"मी काय बाजारातला बैल हाये, रोज चाचपायला?"

गोजरबाईनं मग कापसाची एक बारकी उशी शिवली. जुन्या गाठीच्या जागी ती ठेवायची आणि वरून फेटा गुंडाळायचा. मात्र उशी ठेवायची तिनंच, दुसऱ्या कोणाच्या हातानं ती बसणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. रोज सकाळी ती आधी बोटं फिरवायची आणि मग उशी ठेवायची. फेटा पूर्वीसारखा तिरपा बसू लागला. उकंडराव खूश झाले, आणि बोटांना काही लागलं नाही की तिचाही दिवस बरा जायचा.

पुढे लेकीच्या बाळंतपणाला ती कळमनुरीला गेली आणि पावसाळाभर अडकली.

ती परतली तेव्हा उकंडराव ओसरीवर उभेच होते. फेटा झकास तिरपा.

"बघ! तुझ्याबिगर बी बसला का न्हाई?"

"बसला बाई," म्हणत ती हसत आत गेली. आरशाशेजारच्या कोनाड्यात उशी पडली होती. तिच्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

गोजरबाई जाळ्यासकट उशी घेऊन बाहेर आली. उकंडराव बैलांकडे बघू लागले.

"गाठ परत आली तवा सांगावा काहून धाडला न्हाई?"

"पोरीला सोडून पळत आली असती तू."

पदरानं डोळे पुसून तिनं गाडीवानाला हाक मारली.

"वसराम, बैल सोडू नगंस. हिंगोलीला जायचंय."

उकंडराव मुकाट्यानं गाडीत चढले. गाडी वेशीबाहेर पडली.

"उशी घेतली का संगं?" त्यांनी हळूच विचारलं.

"घेतली."

"तिच्यात कापूस वाढव जरा. या बारीला दाक्तर मोठा खड्डा करंल."